खुब्याचा नवा सांधा व चालण्याची दुसरी शाळा

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाची जी गोष्ट आहे ती आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. यब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर झोंबी चालली, त्याच्या जांघेचा सांधा उखळला, आणि सूर्य उगवतांना तो पनुएलाहून निघाला तेव्हां लंगडत होता, इतकें वाचून आपण पुढच्या अध्यायाकडे वळतों. परंतु ज्यानें खुब्याच्या दुखण्यानें गांजलेला मनुष्य घरांत पाहिला आहे, त्याला त्या एका शब्दापाशीं थोडें थांबावें लागतें. याकोबाजवळ गुरेंढोरें, दासदासी, बायकामुलें सर्व कांहीं होतें. पण त्या सकाळच्या प्रत्येक पावलाला रात्रीची आठवण जोडलेली होती.

आमच्या आजोबांच्या पिढींत खुबा गेला म्हणजे मनुष्य खाटेला लागला असेंच समजत. आतां तसें राहिलें नाहीं. झिजलेला सांधा काढून त्या जागीं नवा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यासच नव्हे, तर जिल्ह्याच्या गांवींही होऊं लागली आहे, आणि 'आजीचा खुबा बदलला आहे' अशा मजकुराच्या रजेच्या चिठ्ठ्या अलीकडे आमच्याही हातीं येऊं लागल्या आहेत. अशाच एका चिठ्ठीच्या निमित्तानें आम्हीं मुलास विचारिलें कीं, आजी आतां कशी आहे? तो मोठ्या समाधानानें म्हणाला, "बरी आहे, सर. आम्ही तिला खाटेवरून मुळींच उतरूं देत नाहीं." उत्तर प्रेमाचें होतें यांत शंका नाहीं, पण तें ऐकून आम्हांस काळजी वाटली, आणि ती काळजीच या लेखाचें कारण आहे.

प्रथम हा सांधा आहे तरी कसा, तें पाहूं. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत खुब्याच्या सांध्यास 'उखळीचा सांधा' म्हटलें आहे, आणि हें नांव देणाऱ्यानें स्वयंपाकघरांत डोकावूनच तें दिलें असावें. ओटीपोटाच्या हाडाला दोहों बाजूंस एकेक खोलगट वाटी आहे, ती उखळ. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक आंतल्या बाजूस वळून एका वाटोळ्या, मोठ्या लिंबाएवढ्या गोळ्यांत संपतें. तो गोळा त्या वाटींत बसतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीप्रमाणें मागेंपुढें वळतो. खुबा मात्र पुढें, मागें, बाजूस, आंत, बाहेर असा चोहोंकडे फिरतो. मांडी घालून जेवावयास बसणें, उकिडवें बसून भांडीं घासणें, या आपल्या नित्याच्या क्रिया त्यामुळेंच होतात. गोळा व वाटी या दोहोंवर कूर्चेचें गुळगुळीत पांढरें अस्तर असतें, आणि मध्यें वंगणाचें काम करणारा थोडासा द्रव असतो. या कूर्चेंत रक्तवाहिन्या नाहींत. म्हणून ती एकदां झिजली कीं कातड्यावरच्या जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. पुढें हाडावर हाड घासूं लागतें, आणि मग रात्रीं कूस बदलणें हेंही एक काम होऊन बसतें.

ही झीज वयामुळें होते हें खरें, पण तेवढेंच कारण नाहीं. गोळ्यास रक्त पोंचविणाऱ्या वाहिन्या बारीक व मोजक्या आहेत. त्यांचा पुरवठा तुटला कीं आंतील हाड मरतें व गोळा चेपतो. अतिमद्यपान, स्टेरॉइड जातीचीं औषधें दीर्घकाळ घेणें, आणि विदर्भाच्या कांहीं भागांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग, यांमुळें तिशी-चाळिशींतल्या माणसांचेही खुबे गेलेले आहेत. वृद्ध स्त्री मोरींत घसरून पडते व मांडीच्या हाडाची मान मोडते, तेव्हांही पुष्कळदां नवा गोळा किंवा सबंध सांधाच बसवावा लागतो.

हा नवा सांधा एका दिवसांत सुचलेला नाहीं. बर्लिन येथील शस्त्रवैद्य थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनीं १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे करून पाहिले. परंतु क्षयानें सडलेल्या सांध्यांत ते टिकले नाहींत. १९३८ सालीं लंडनमध्यें फिलिप वाइल्स यांनीं गोळा व वाटी हीं दोन्ही पोलादाचीं केलीं. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशांत, मंडाले येथें, डॉ. सान बॉ यांनीं १९६० पासून हस्तिदंत पुन्हां हातीं घेऊन मोडक्या खुब्याच्या शेंकडों रोग्यांस पायांवर उभें केलें. पण आज जगभर जो सांधा बसवितात त्याचे मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या राइटिंग्टन इस्पितळाचे जॉन चार्नली (१९११–१९८२). त्यांना वाटीसाठीं पहिल्यानें टेफ्लॉन आवडलें. तव्याला घावन चिकटूं नये म्हणून ज्याचा लेप देतात तेंच हें. सुमारें तीनशें रोग्यांस टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या. कांहीं वर्षांतच त्या झिजल्या, झिजलेल्या कणांनीं आंतलें मांस बिघडलें, आणि चार्नली यांना आपलेच सांधे पुन्हां उघडून काढावे लागले. पुढें १९६२ सालीं कापडगिरणीच्या मागांचीं दांतेरी चाकें ज्याचीं करीत असें एक चिवट प्लॅस्टिक एक विक्रेता इस्पितळांत घेऊन आला. चार्नली यांनीं तें नापसंत केलें. पण त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनीं, साहेब परदेशीं गेलेले असतां, त्याचा तुकडा घासण्याच्या यंत्राला लावून ठेवला. तीन आठवडे घासूनही तो, टेफ्लॉन एका दिवसांत झिजे, तितकाही झिजला नाहीं! त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या प्लॅस्टिकची पहिली वाटी रोग्यास बसविण्यांत आली. चार्नली यांनीं हे दोन्ही पदार्थ स्वतःच्या मांडींत घालून घेऊन शरीरावर त्यांचा परिणाम काय होतो तेंही पाहिलें. लँकेशायरच्या मागांवरचें कापड एके काळीं आपल्या बाजारांत भरून असे. त्या मागांच्या चाकांचा पदार्थ आज आपल्या आजीच्या खुब्यांत जाऊन बसला आहे, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

शस्त्रक्रियेस साधारण एक ते दोन तास लागतात. खराब गोळा कापून काढतात, वाटी खरवडून साफ करितात, तींत धातूचें कवच व त्याच्या आंत प्लॅस्टिकचें किंवा सिरॅमिकचें अस्तर बसवितात. मांडीच्या हाडाच्या पोकळींत धातूची दांडी ठोकून तिच्या टोंकावर नवा गोळा चढवितात. दांडी कधीं एका विशिष्ट सिमेंटानें पक्की होते. कधीं तिचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो व त्यांत हाडच वाढून तिला धरून ठेवतें. जखम शिवली, रोगी शुद्धीवर आला, आणि घरच्या मंडळींस वाटतें कीं काम झालें.

खरें पाहतां यापुढेंच रोग्याचें काम सुरू होतें. नवा सांधा निर्जीव आहे, तो आपण होऊन हालत नाहीं. त्याला हालविणारे स्नायु जुनेच, आणि तेही कित्येक वर्षें दुखऱ्या पायास वांचवून वांचवून दुबळे झालेले. त्यांतून शस्त्रक्रियेच्या वेळीं कांहीं बाजूस सारलेले, तर कांहीं कापून पुन्हां शिवलेले. शिवाय दुखण्याच्या काळांत शरीरास लंगडण्याची जी संवय लागते ती दुखणें गेलें म्हणून लगेच जात नाहीं. अक्षर बिघडलेल्या मुलाच्या हातीं नवी लेखणी दिली म्हणजे अक्षर सुधारतें काय? त्याला कित्ता पुन्हां गिरवावा लागतो. दहा वर्षें लंगडलेल्या मनुष्यासही नव्या सांध्यानें चालणें असेंच पुन्हां गिरवावें लागतें. हें शिकविणारी जी विद्या तिला फिजिओथेरपी म्हणतात. मराठींत भौतिकोपचार असा शब्द आहे. पुष्कळ लोक तिला मालिश समजतात. पण मालिशांत रोगी पडून राहतो व दुसरा घाम गाळतो. येथें घाम रोग्यानें स्वतःच गाळावयाचा असतो.

आतां नववी-दहावीच्या मुलांनीं थोडें पुढें सरकावें, कारण येथें तरफेचा नियम उपयोगी पडणार आहे. मनुष्य चालतो तेव्हां प्रत्येक पावलागणिक क्षणभर तो एकाच पायावर उभा असतो. समजा, साठ किलो वजनाची आजी उजव्या पायावर उभी आहे. तो पाय सोडून बाकीचें शरीर सुमारें ५० किलोंचें. त्याचा भार उजव्या खुब्याच्या मध्यापासून, हिशेबाच्या सोयीसाठीं धरूं, १० सेंटिमीटर आंतल्या बाजूस पडतो व शरीराला डावीकडे कलंडवूं पाहतो. कलंडूं न देणारे स्नायु खुब्याच्या बाहेरच्या अंगास आहेत, आणि त्यांची ओढ सांध्याच्या मध्यापासून अवघ्या ५ सेंटिमीटरांवर लागते. ५० ला १० नें गुणिलें, ५०० झाले. त्यांस ५ नें भागिलें, १०० आले. म्हणजे त्या स्नायूंना १०० किलोंची ओढ द्यावी लागते. आणि सांध्यावर शरीराचे ५० व ओढीचे १०० असे मिळून १५० किलो पडतात. साठ किलोंच्या आजीच्या एका खुब्यावर दीडशें किलो! किलो हें माप आम्हीं येथें बळासाठीं वापरलें याबद्दल आमचे विज्ञानशिक्षक बंधु रागावतील. पण आजीला न्यूटन समजावून देण्याचें धाडस आम्हांस नाहीं. आंकडे सोपे करून घेतलेले असले तरी सत्यापासून दूर नाहींत. बर्लिन येथील गेओर्ग बेर्गमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कृत्रिम सांध्यांतच मापक बसवून भार मोजला, तेव्हां साध्या चालींत तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भरला, आणि ठेंच लागून सांवरतांना त्याहून कितीतरी अधिक.

आतां त्या आजीच्या डाव्या हातीं काठी द्या. काठीवर ती फक्त ५ किलोंचा रेटा देते असें धरूं. पण काठी खुब्यापासून ४० सेंटिमीटर दूर आहे, म्हणून ५ गुणिले ४०, म्हणजे २००. पहिल्या ५०० मधून हे २०० गेले, राहिले ३००; त्यांस ५ नें भागतां ६०. सांध्यावर आतां स्नायूंच्या ओढीचे ६०, शरीराचे ५०, त्यांतून काठीनें उचललेले ५ वजा करितां एकूण १०५. हातानें पांच किलो दिले आणि खुब्याचे पंचेचाळीस किलो वांचले. काठी दुखऱ्या बाजूच्या हातांत न धरतां विरुद्ध हातांत कां धरावयाची, तें या गणितावरून कळेल. हें सांगितलें तर पुष्कळांस खरें वाटत नाहीं. चित्रांतला व नाटकांतला म्हातारा दुखऱ्या बाजूसच काठी धरून येतो, आणि लोकांचा शरीरशास्त्रापेक्षां नाटकावर विश्वास अधिक. काठी व शस्त्रक्रिया झालेला पाय हीं दोन्ही एकाच वेळीं पुढें पडलीं पाहिजेत. काठीची उंची इतकी असावी कीं, हात सरळ खालीं सोडला असतां तिची मूठ मनगटाच्या रेषेंत यावी.

वर ज्यांचा हिशेब केला ते बाहेरच्या अंगाचे स्नायु दुबळे राहिले, तर त्या पायावर उभें राहतांच दुसऱ्या बाजूची कंबर खचते, आणि मनुष्य प्रत्येक पावलास अंग झोंकून तोल सांभाळतो. हें डुलणें या स्नायूंच्या दुबळेपणामुळें होतें, असें जर्मन शस्त्रवैद्य फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनीं १८९५ सालीं दाखवून दिलें. एका पायावर उभें करून कंबर पाहण्याची परीक्षा आजही त्यांच्याच नांवानें ओळखतात. सांधा कितीही उत्तम बसविलेला असो, हे स्नायु कमावल्यावांचून डुलणें जात नाहीं.

तेव्हां उपचारास आरंभ केव्हां करावयाचा? जखम भरल्यावर, टांके काढल्यावर, असें उत्तर बहुतेक घरीं मिळेल. तज्ज्ञांचें उत्तर निराळें आहे. हल्लीं रोग्यास शस्त्रक्रियेच्याच दिवशीं सायंकाळीं, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं, वॉकरचा म्हणजे चार पायांच्या हलक्या चौकटीचा आधार देऊन उभें करितात. पूर्वी अशा रोग्यांस कित्येक दिवस निजवून ठेवीत. त्यांत तोटा काय होतो तें अनुभवानें कळलें. पोटऱ्यांचे स्नायु हे पायांतलें रक्त वर ढकलणारे पंप आहेत. ते स्वस्थ पडले कीं रक्त सांकळून त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसांत गेली तर जीवावर बेतते. उताणें पडून छातींत कफ सांचतो, पाठीला व टांचांना व्रण पडतात, आणि म्हाताऱ्या मनुष्याचें स्नायुबळ अंथरुणांत दिवसेंदिवस झपाट्यानें ओसरतें. आठवड्याची विश्रांति गमावते तें परत मिळवावयास कित्येक आठवडे लागतात.

पहिले व्यायाम पाहून घरची माणसें निराश होतात, इतके ते साधे असतात. उताणें निजून पावलें खालवर हालविणें. गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून मांडी ताठ करणें व सावकाश पांच मोजून सैल सोडणें. बैठकीचे स्नायु आंवळून धरणें. टांच गादीवरून घसरत जवळ आणणें. पाय बाजूला नेऊन परत आणणें. पुढें ओट्याला किंवा जड टेबलाला धरून उभें राहावयाचें आणि पाय बाजूस व मागें न्यावयाचा. त्या वेळीं कंबर वांकडी होऊं द्यावयाची नाहीं. हें थोडें थोडें, पण दिवसांतून अनेक वेळां. एके दिवशीं जोर येऊन शंभर वेळां केलें आणि दुसरे दिवशीं सुजलेला पाय घेऊन बसलें, यांत शहाणपणा नाहीं. व्यायामानें थोडें दुखावें हें ठीकच आहे. पण दुसऱ्या दिवसापर्यंत तें दुखणें वाढतच राहिलें तर कालचा व्यायाम अधिक झाला असें समजावें. जिना चढतांना चांगला पाय आधीं वर, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय व काठी आधीं खालीं. कारण शरीर उचलण्याचें व सांवरून खालीं सोडण्याचें जड काम दोन्ही वेळां चांगल्या पायाकडे राहतें. बहुतेकांचा वॉकर कांहीं आठवड्यांत सुटतो, मग काठी येते, आणि तीन महिन्यांच्या सुमारास नेहमींचे बहुतेक व्यवहार होऊं लागतात. स्नायूंचें बळ मात्र वर्षभर वाढत राहतें.

ही विद्या आपल्या देशांत फार जुनी नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांत तिचें शिक्षण देणारी शाळा १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत निघाली. आणि येथें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. मेरी वर्गीज यांचें नांव घेतल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. १९५४ सालच्या मोटार-अपघातांत कंबरेखालचें त्यांचें शरीर लुळें पडलें. त्यांनीं चाकांच्या खुर्चींत बसून शस्त्रक्रिया केल्या, अमेरिकेंत जाऊन पुनर्वसनशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि परत येऊन वेल्लोर येथें १९६६ सालीं पुनर्वसनाची संस्था उभी राहिली ती त्यांच्या नेतृत्वाखालीं. त्यांचें दुखणें खुब्याचें नव्हतें. पण शस्त्रवैद्याची सुरी खालीं ठेवल्यावर रोग्याचें पुढें काय, हा प्रश्न त्यांच्याइतका जवळून फारच थोड्या वैद्यांस भेटला असेल.

असो. इस्पितळांतील चार दिवस कसेही निभावतात. खरी अडचण घरीं आल्यावर. आपलें घर जमिनीशीं जोडलेलें आहे. जेवण पाटावर, निजणें सतरंजीवर, शौचास उकिडवें, भाजी निवडावयास मांडी घालून. नव्या सांध्यास पहिले सहा ते बारा आठवडे नेमकें हेंच सोसत नाहीं. पुष्कळ शस्त्रक्रिया खुब्याच्या मागच्या बाजूनें करितात. त्यांत मागचे स्नायु व आवरण शिवलेलें असतें, आणि तें जुळून येण्याआधीं मांडी काटकोनापेक्षां अधिक वर दुमडली, पायावर पाय टाकला, किंवा पाऊल आंत वळवून अंग फिरविलें, तर गोळा वाटींतून मागें निसटण्याची भीति असते. पुढच्या बाजूनें शस्त्रक्रिया झाली असेल तर जपण्याच्या गोष्टी निराळ्या, आणि कांहीं शस्त्रवैद्य आतां हे निर्बंध बरेच सैल करूं लागले आहेत. म्हणून शेजारणीच्या नणंदेस काय सांगितलें होतें तें प्रमाण न मानतां, ज्यांनीं शस्त्रक्रिया केली त्यांसच आपले नियम विचारून एका कागदावर लिहून घ्यावे व तो कागद भिंतीला लावावा.

घराची तयारी रोगी येण्यापूर्वीं व्हावी. खुर्ची हातांची, टणक व इतकी उंच कीं बसल्यावर खुबा गुडघ्याहून वर राहावा. झोळ पडलेली बाज उपयोगाची नाहीं. पलंग लागतो, आणि तो सखल असेल तर पायांखालीं लाकडी ठोकळे द्यावे. कमोड नसेल तर बसावयाची भोंक पाडलेली उंच खुर्ची बाजारांत मिळते. निजतांना दोन पायांच्या मध्यें उशी. खालीं पडलेली वस्तु वांकून उचलूं नये. त्यासाठीं लांब दांड्याचा चिमटा येतो, अथवा नातवंडें असतात. दारांतलें पायपुसणें, सतरंजीचें उलटलेलें टोंक, ओली मोरी, उंबरठ्यापाशीं काढलेल्या चपला आणि मुलांचे चेंडू-भोंवरे हे या काळांतले घरांतील शत्रु होत. रात्रीं शौचकूपाच्या वाटेवर दिवा असावा. सपाता सटकतात, म्हणून मागून पट्टा असलेली चप्पल घालावी. आणि आमच्या भगिनींस एक सूचना: लुगडें पायांत येणार नाहीं इतकें वर नेसावें, पहिले दोन महिने गाऊन घातला तरी कोणी नांवें ठेवणार नाहीं, आणि ठेवलींच तर ठेवूं द्यावीं.

इतकें सर्व करूनही एक अडचण राहते, आणि तिला उपाय बाजारांत मिळत नाहीं. ती म्हणजे घरच्यांची माया. सुनेला वाटतें, सासूबाई ओट्यापाशीं उभ्या दिसल्या तर लोक काय म्हणतील? मुलाला वाटतें, एवढे पैसे खर्चून आईला कष्ट कां? पाणी हातांत येतें, ताट खाटेवर येतें, आणि आई 'सुखांत' पडून राहते. आमच्या मंडळींतील एका वृद्ध निवृत्त शिक्षिकाबाईंचें आम्हीं जवळून पाहिलें. सत्तरी उलटल्यावर त्यांचा डावा खुबा बदलला. फिजिओथेरपीच्या बाईंनीं पहिल्याच दिवशीं त्यांना विचारिलें कीं, तुम्हांला चालून कोठें जावयाचें आहे? त्या म्हणाल्या, देवळांत. घरापासून देऊळ फार दूर नाहीं, पण मध्यें एक चढ व दाराशीं पांच पायऱ्या आहेत. त्या दिवसापासून व्यायाम हा व्यायाम राहिला नाहीं, देवळाची वाट झाली. आठवीतला नातू रोज सायंकाळीं त्यांच्या बरोबर निघे व रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब मोजी: आज दोन, उद्यां दोनच, परवां तीन. त्याला ताकीद होती कीं आजीचा हात धरावयाचा नाहीं, फक्त शस्त्रक्रियेच्या बाजूनें, एक पाऊल मागें राहून चालावयाचें. पहिल्या आठवड्यांत बाई रडल्या, रागावल्या, मुलाशीं दोन दिवस बोलल्या नाहींत. सुनेनें मन घट्ट करून पाण्याचा तांब्या खाटेजवळून उचलला व स्वयंपाकघरांत ठेवला. तिला शेजारपाजाऱ्यांचे दोन शब्द ऐकावेही लागले. आठव्या आठवड्यांत एका रविवारीं बाई काठी टेंकीत देवळांत आल्या व मागच्या बांकावर, खालीं जाड उशी घालून, बसल्या. प्रार्थनेच्या वेळीं सर्व मंडळी गुडघ्यांवर आली, त्या तेवढ्या बसून राहिल्या. तें त्यांना मुळींच आवडलें नाहीं, आणि पाळकसाहेबांस त्यांनीं तसें सांगितलेंही.

घरांत असा रोगी असला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांस करण्यासारखें बरेंच आहे. व्यायामाचा तक्ता भिंतीवर लावून त्यावर रोज खूण करावी. आजीबरोबर चालावें, पण तिला ओढूं नये. दंडाला धरून ओढल्यानें तोल जातो. ती पडूं लागली तर पकडावयास नव्हे, तर ती पडूं नये म्हणून वाट मोकळी ठेवावयास तुमची गरज अधिक आहे. कांहीं लक्षणें मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावीं व दिसतांच वडील मंडळींस सांगावीं. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागणें. ताप येणें, जखमेंतून पाणी किंवा पू येणें, भोंवतालची कातडी लाल व गरम होणें. अचानक तीव्र कळ येऊन पायावर भार न देतां येणें, किंवा तो पाय आंखूड झालेला व वळलेला दिसणें. यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. आणि छातींत कळ येऊन दम लागला, तर एक क्षणही दवडूं नये.

नवा सांधा टिकतो किती, हा प्रश्न शेवटीं सर्वच विचारतात. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून काढलेला हिशेब छापला गेला. त्याप्रमाणें शंभर सांध्यांपैकीं सुमारें ५८ सांधे पंचवीस वर्षें टिकतात. म्हणजे साठीनंतर बसविलेला सांधा बहुधा जन्मभर पुरतो. तरुणपणीं बसविला तर पुढें एकदां बदलावा लागण्याचा संभव धरून चालावें. चालणें, पोहणें, बागकाम यांस पुढें हरकत नसते. धांवणें व उड्या मारणें यांनीं अस्तर लवकर झिजतें. दोन्ही पायांवर न डुलतां चालतां येऊं लागेपर्यंत काठी सोडण्याची घाई करूं नये, आणि काठी चालूं आहे तोंवर तिच्या तळाचें रबरी टोपण महिन्यांतून एकदां उलटें करून पाहावें. त्यावरच्या खांचा झिजून तें गुळगुळीत झालें असेल तर ओल्या फरशीवर काठी सटकते. नवें टोपण औषधांच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळतें. जुनें टोपण बरोबर न्यावें, म्हणजे मापांत चूक होत नाहीं.